फ्लोट हलतो, आमिष जातं, मासा मात्र लागत नाही

भीमा आणि नीरेच्या डोहांवर, उजनीच्या फुगवट्यावर गळ टाकणाऱ्यांकडून दिवाळी ते होळी या काळात मला एकच गाऱ्हाणं ऐकायला मिळतं. पाण्यावर तरंगणारा फ्लोट हलतो, गळ वर काढला की आमिष गेलेलं असतं, आणि मासा काही लागत नाही. मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने एका सकाळी नऊ वेळा हिसका मारला आणि नऊही वेळा गळ रिकामा आला. “मामा, इथं मासाच नाही,” असं म्हणून तो सामान आवरायला लागला होता. मासा होता. आम्ही एकामागून एक दोन गोष्टी बदलल्या आणि दुपारच्या आत त्याने दोन सायप्रिनस आणि एक मृगळ काढला. त्या दोन गोष्टी कोणत्या, ते पुढे येईलच.

हे दुखणं मी माझ्या काठीवर आणि दुसऱ्यांच्या काठीवर इतक्या वेळा बघितलंय, की आता त्याचा क्रम ठरून गेलाय. तो क्रम इथे लिहितो. हे सगळं कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस या चार माशांबद्दल आहे, तेही नदीत किंवा मोठ्या जलाशयात काठावर बसून धरण्याबद्दल. पहिले तिघे मूळचे उत्तरेच्या नद्यांतले. सायप्रिनस परदेशी; त्याची एक जात 1939 मध्ये निलगिरीत आणली गेली, दुसरी 1957 मध्ये बँकॉकहून आली. आज हे चौघेही आपल्या पाण्यात मोकळे वाढतात आणि त्यांना काय खायचं ते स्वतः शोधायची सवय असते. शेततळ्यातल्या माशाला रोज हाताने खाद्य मिळतं, तिथे आपल्या चुका खपून जातात. नदीत खपत नाहीत.

आधी लक्षणं नीट बघा

“मासा लागत नाही” हे एक वाक्य असलं तरी दुखणी निदान सहा आहेत. पहिला अर्धा तास काही न बदलता फक्त फ्लोटकडे बघा आणि यातलं आपलं कोणतं ते ठरवा.

फ्लोट एकसारखा थरथरतो, पूर्ण बुडत नाही, दोन-तीन मिनिटांत गळ कोरा: ही बारीक मासळी. उजनीत तर बहुतेक वेळा चिलापी.

फ्लोट सावकाश आडवा सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. आमिष कडेने कुरतडलेलं, गळाजवळचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, बोटाला खरखरीत लागतो: खेकडा.

फ्लोट झपकन बुडतो आणि लगेच वर येतो, हिसक्याला काहीच लागत नाही, आणि कधीतरी गळाच्या टोकाला एखादा खवला अडकून येतो. हा मासा आमिष खातच नव्हता, जाताजाता तंगुसाला घासला. खवला आला की हे निदान पक्कं समजा.

फ्लोट बुडण्याऐवजी वर उचलला जातो आणि पाण्यावर आडवा पडतो. नवीन माणूस याला वारा समजतो आणि वाट बघत बसतो. हा तळातून घेतलेला खरा घास आहे. मृगळ किंवा सायप्रिनस आमिष तोंडात घेऊन डोकं वर करतो, खालच्या शिशाचं वजन फ्लोटवरून निघून जातं आणि फ्लोट उठतो.

फ्लोट ठामपणे निघून जातो, हिसका मारल्यावर हाताला वजन जाणवतं, आणि दोन-चार सेकंदांत सगळं सैल होतं: गळ टोचलाच नव्हता, नुसता तोंडात होता.

शेवटचं, मासा लागतो, पळतो आणि तंगूस तुटतो. हे दुखणं वेगळं आहे, त्याचा उपाय खाली ‘तुटलेलं टोक काय सांगतं’ या भागात आहे.

हा मासा खातो कसा

हे समजलं नाही तर पुढच्या तपासण्या नुसत्या पाठांतरासारख्या वाटतील, म्हणून थोडं सांगतो. हे चौघेही कार्प कुळातले. कार्पच्या जबड्यात दात नसतात. त्याचे दात घशात असतात. तो घास तोडत नाही, तोंड नळीसारखं पुढे काढून पाण्यासकट ओढून घेतो. मग तोंडातल्या तोंडात चाळतो. टाळूवर एक मांसल गादी असते, तिच्यावर खाण्याचा कण धरून ठेवतो आणि माती, खडे फुंकून बाहेर टाकतो. दिवसभर गाळात हेच चालू असतं. म्हणजे नको असलेली कठीण वस्तू ओळखून थुंकणं हे त्याचं रोजचं काम आहे. आपला गळ ही त्याच्या दृष्टीने अशीच एक वस्तू.

तेव्हा आपल्याकडे वेळ फार थोडा असतो. गळ तोंडात गेला आणि तो फुंकायला लागला, एवढ्यात टोकाने कुठेतरी धरलं पाहिजे. खालच्या सगळ्या तपासण्या एकच विचारतात: त्या क्षणी टोक मोकळं होतं का, आणि त्याची खबर तुमच्यापर्यंत पोचली का?

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलल्यावर निदान अर्धा तास द्या. चार गोष्टी एकदम बदलून मासा लागला तर पुढच्या खेपेला कशाने लागला ते कळणार नाही.

गळाचं टोक

याला पैसे लागत नाहीत आणि दहा सेकंद पुरतात. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं ठेवा आणि पुढे ओढा. टोक नखात रुतून थांबलं तर धार आहे. घसरत गेलं तर गळ बोथट झालाय. आपल्या नद्यांचा तळ काळ्या पाषाणाचा; एकदा कपारीवर घासला की नवा गळसुद्धा जातो. मी प्रत्येक ओढीनंतर नख लावून बघतो. बारीक कानशीने टोक काढता येतं, पण गळ इतका स्वस्त असतो की बदलणंच बरं.

आमिषाचा गोळा

माझ्या अनुभवात निम्मं दुखणं इथेच असतं, म्हणून या भागावर जरा वेळ घालवा.

आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे कणीक आणि शेंगपेंडीच्या गोळ्यात गळ पूर्ण लपवायचा. गळ दिसला तर मासा येणार नाही, ही समजूत वाडवडिलांपासूनची. गढूळ पाण्यात तळातून खाणारा मासा बघून कमी आणि वासा-चवीवर जास्त खातो. गोळ्यात गाडलेलं टोक मात्र त्याने फुंकताना कुठेच टोचत नाही. माझ्या भाच्याची पहिली चूक हीच होती, लिंबाएवढा घट्ट गोळा आणि आत हरवलेला गळ.

गोळा बोराएवढा करा. गळाच्या बाकात बसवा आणि टोक तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर ठेवा. मग ही चाचणी करा: गोळा लावलेला गळ ओंजळभर पाण्यात दोन मिनिटं धरा आणि तंगूस झटक्याने ओढा. गळ गोळा फाडून सहज बाहेर आला पाहिजे. गोळा गळाबरोबर अख्खाच आला तर पीठ फार घट्ट आहे. पाण्याखाली हिसका मारल्यावर हेच होतं: गळासकट गोळा माशाच्या तोंडातून निसटतो.

उलट टोकाची चूक म्हणजे पीठ फार सैल. काठीच्या झोकानेच निम्मा गोळा हवेत उडतो आणि आपण अर्धा तास कोऱ्या गळाकडे बघत बसतो. पेलाभर पाण्यात गोळा टाकून घड्याळ लावा. दहा मिनिटं टिकला पाहिजे, कडेने मऊ पडला तरी चालेल.

माझं प्रमाण असं: दोन वाट्या भाजून कुटलेली शेंगपेंड, एक वाटी कणीक, लहान सुपारीएवढा गूळ. पाणी त्याच नदीचं, थोडं थोडं घालत मळायचं. वाहतं पाणी असेल किंवा बारीक मासळीचा त्रास असेल तर पिठात चिमूटभर कापूस पिंजून मळतो. कापसाचे धागे गोळा धरून ठेवतात आणि टोकाला अडथळाही करत नाहीत. बंगालमध्ये रोहू-कटल्यासाठी मुंग्यांची अंडी वापरतात. आपल्याकडे त्याची गरज मला कधी पडली नाही. जुनी, बुरशी आलेली, खवट वास मारणारी पेंड मात्र वापरू नका. मासा ती तोंडात घेऊन लगेच टाकतो आणि फ्लोट नुसता शिवल्यासारखा हलतो.

कटल्याचं थोडं वेगळं आहे. त्याचं तोंड वर वळलेलं असतं, त्याचं खाणं वरच्या थरातलं. तळाशी गोळा ठेवून कटल्याची वाट बघण्यात दिवस जातो. त्याच्यासाठी गोळा सैलच हवा, पाण्यात ढग करत विरघळणारा, आणि फ्लोटपासून तीन-चार फुटांवर टांगलेला.

फ्लोट आणि शिसं

भाच्याची दुसरी चूक ही होती. त्याचा फ्लोट पाण्याबाहेर चार बोटं उभा होता. एवढा फ्लोट खाली ओढायचा म्हणजे माशाला जोर लावावा लागतो, आणि तो जोर जाणवला की तो आमिष सोडतो. फ्लोटचं फक्त टोक, फार तर एक बोट, पाण्यावर दिसेल इतकं शिसं लावा. मोरपिसाच्या दांडीचा जुना फ्लोट मला आजही सगळ्यात आवडतो. हलका असतो आणि बारीक हालचाल दाखवतो. दुकानातले जाडजूड फुगीर फ्लोट लाटांसाठी ठीक आहेत, डोहाच्या निवांत पाण्यात ते खबर दडवतात.

खोली अंदाजाने धरू नका. गळाला जड शिशाचा तुकडा अडकवून नेमक्या जागी टाका. फ्लोट बुडाला तर खोली कमी लावलीये, आडवा पडला तर जास्त. फ्लोटचं टोक पाण्याच्या रेषेला येईपर्यंत सरकवत जा. मृगळ आणि सायप्रिनससाठी आमिष तळाला टेकलेलं हवं आणि शेवटचं बारीक शिसं गळापासून चार-पाच बोटांवर, तेही तळाला लागलेलं. मासा आमिष उचलतो तेव्हा हे शिसं उचललं जातं आणि फ्लोट वर येतो. शिसं हातभर दूर असलं तर मासा तेवढं अंतर आमिष चघळून थुंकून मोकळा होतो आणि वर काहीच दिसत नाही. भाच्याचं शिसं हातभर वरच होतं.

रोहू अधल्यामधल्या थरात फिरतो. तळावर काही होत नसेल तर दर अर्ध्या तासाला आमिष एक फूट वर घेऊन बघा.

ढिला तंगूस आणि हिसक्याची वेळ

काठीच्या टोकापासून फ्लोटपर्यंत तंगूस वाऱ्याने धनुष्यासारखा वाकलेला असेल तर हिसका त्या बाकातच जिरतो. काठीचं टोक पाण्यात बुडवून दोन-तीन वेढे गुंडाळले की तंगूस पाण्याखाली जातो आणि वाऱ्यापासून सुटतो. नायलॉन ताणला जातो हेही लक्षात ठेवा. 40 मीटरवर टाकलेल्या गळापर्यंत मनगटाचा छोटा झटका पोचतच नाही; तिथे काठी खांद्यामागे जाईपर्यंत लांब, सलग ओढ लागते. 10 मीटरवर तीच ओढ माशाचं तोंड फाडते.

वेळेचा नियम मी असा पाळतो. फ्लोट थरथरत असेल तर हात बांधून बसायचं. उठून आडवा पडला तर लगेच ओढायचं. तिरका होऊन निघाला तर पूर्ण दिसेनासा होऊ द्यायचा आणि मग ओढायचं. थरथरीवर हिसके मारत राहिलं तर आसपास आलेला मोठा मासाही बुजतो. कार्पला ऐकू फार चांगलं येतं. काठावर दाणदाण पावलं टाकणं, डबा आपटणं हे त्याला पाण्यातून कळतं. म्हणून हिसके कमी मारा आणि हालचालही कमी करा.

तंगुसाला घासणारे मासे हे तुमचं लक्षण असेल तर मासा तुमच्या आमिषापेक्षा जवळ किंवा वरच्या थरात आहे. तंगूस पूर्ण तळाला बसवा, किंवा आमिष सरळ त्याच्या थरात आणा.

पेंड किती पेरायची

मासे जमवायला लोक पाण्यात किलोकिलोने पेंड टाकतात आणि मग चिलापीचा थवा जमला म्हणून वैतागतात. सुरुवातीला दोन मुठी, मग एखादा मासा लागला की आणखी एक मूठ, एवढं पुरतं. पोट भरलेला मासा आमिषाला नुसता तोंड लावून बघतो. बारीक मासळी हटतच नसेल तर पेंड टाकणं पूर्ण बंद करा आणि गोळ्याऐवजी उकडलेल्या मक्याचे दोन दाणे लावा. बारीक तोंडाला ते झेपत नाहीत. मका रात्रभर भिजवून मऊ होईपर्यंत उकडलेलाच हवा. कोरडा कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो.

खेकड्यावर उपाय दोनच, जागा दगडांपासून दूर हलवणे, किंवा आमिष तळापासून वीतभर उचलणे.

गळाचा आकार

थोडक्यात सांगतो. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. बोराएवढ्या गोळ्याला 6 किंवा 4 नंबर, मक्याच्या दाण्यांना 8. गोळ्याच्या मानाने गळ लहान असेल तर बाक पिठाने भरून जातो आणि टोचायला जागाच उरत नाही. बारीक तारेचा गळ लवकर टोचतो, पण मोठ्या माशाने सरळ होतो. मोठे मासे असलेल्या पाण्यात जाड तारेचा घ्या आणि धारेकडे दुप्पट लक्ष द्या.

तुटलेलं टोक काय सांगतं

मासा तोडून गेला तर तंगुसाचं उरलेलं टोक फेकू नका, डोळ्याजवळ धरा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालं असेल तर गाठ सुटली. खरबरीत, पांढुरकं असेल तर खडकावर किंवा बाभळीच्या खोडावर घासलं. स्वच्छ, सरळ तुटलं असेल तर ताण जास्त झाला, म्हणजे रिळाचा ड्रॅग, ताण वाढला की तंगूस सोडणारा ब्रेक, घट्ट होता.

गाठ आवळताना थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. ड्रॅग तपासायला स्प्रिंगचा ताणकाटा तंगुसाला बांधून ओढा: तंगुसाच्या ताकदीच्या एक तृतीयांशावर रीळ फिरायला लागलं पाहिजे. 9 किलोचा तंगूस असेल तर साधारण 3 किलोवर. उन्हात वर्षभर पडलेला तंगूस मात्र वरून चांगला दिसला तरी त्यावर लिहिलेलं वजन पेलत नाही. मी दर पावसाळ्यानंतर नवा भरतो.

ड्रॅग फिरवूनही अडखळत, झटके देत सुटत असेल तर आतल्या चकत्या गेल्या. इथे थांबा आणि रीळ दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. घरी उघडलेल्या रिळातली एक बारीक स्प्रिंग हरवली की पूर्ण रीळ भंगारात जातं. मी दोन रिळं अशी घालवली आहेत.

जागा

इथपर्यंतचं सगळं बरोबर असूनही फक्त थरथर असेल तर मोठा मासा तुमच्यासमोर नाही. आता कष्टाचं काम सुरू होतं.

उजनीचं धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याखाली गावं, रस्ते, विहिरी, शेतांचे बांध गेले. उन्हाळ्यात साठा मृतसाठ्याच्या खाली उतरतो तेव्हा पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि काठावरच्या गाळपेरीत पिकं उभी राहतात. तेव्हा काठी घरी ठेवून तिथे चालत जा. जुना बांध कुठून कुठे जातो, ओढा कुठे मिळतो, वेड्या बाभळीची खोडं कुठे आहेत, ते वहीत काढून ठेवा. पाणी परत चढलं की सायप्रिनस आणि मृगळ त्याच बांधाच्या कडेने, त्याच ओढ्याच्या तोंडाशी फिरतात, कारण गाळ आणि किडे तिथे साठतात. सपाट मळईच्या मधोमध टाकलेला गळ दिवसभर पडून राहतो, आणि तिथून वीस पावलांवर बांधाला टेकलेला दुसरा तासाभरात वाजतो. मी हे एवढ्या वेळा बघितलंय की आता वही नसेल तर मला तिथे बसवत नाही.

नदीच्या डोहात मुख्य धार जिथे शांत होते ती कड शोधा. धार खाणं आणून टाकते आणि मासा शांत बाजूला उभा राहून ते घेतो. सकाळी तळातून बारीक बुडबुड्यांचा पुंजका उठून पुढे सरकताना दिसला तर तो तळ उकरणारा सायप्रिनस. एकाच जागी येत राहणारे मोठे, सुटे बुडबुडे गाळातल्या वायूचे असतात, त्यांच्यावर दिवस घालवू नका.

आमिष गळाबाहेर टांगणे

हे मी शेवटी ठेवलंय, कारण बांधायला सराव लागतो. गळाच्या दांडीला बारीक धागा बांधायचा, तो बाकाच्या खाली अर्धा बोट लोंबू द्यायचा आणि मक्याचे दाणे सुईने त्या धाग्यात ओवायचे. गळ पूर्ण उघडा राहतो. मासा दाणे ओढून घेतो, त्यामागे गळ जातो, आणि फुंकताना मोकळं टोक खालच्या ओठात बसतं. इंग्लंडमधल्या कार्प धरणाऱ्यांनी 1980 च्या सुमारास ही पद्धत शोधली. ती चालते यात शंका नाही. तरीही मोकळ्या टोकाचा पेंडीचा गोळा आणि नीट तोललेला मोरपिसाचा फ्लोट यांनी काम होत असेल तर मी तेच वापरतो. फ्लोट उठताना बघणं हाच माझ्यासाठी या छंदाचा जीव आहे.

मासाच खात नसेल तेव्हा

ढगाळ रात्रीनंतर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसले तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. हिरव्या, शेवाळी पाण्यात हे नेहमी होतं, कारण रात्री शेवाळही प्राणवायू खातं. त्या वेळी मासा खात नाही. ऊन वर येईपर्यंत थांबा. कडाक्याच्या थंडीच्या आठवड्यात कटला आणि रोहू जवळजवळ बंद होतात, तेव्हा दुपारी 12 ते 4 एवढंच बसा, तेही उथळ, उन्हात तापलेल्या पाण्यावर. जूनच्या शेवटी पहिल्या लाल पाण्याबरोबर मासा अंडी घालायला वर चढतो. चढणीचा मासा भराभर लागतो हे खरं आहे. त्याला धरू नका. पोटात लाखभर अंडी घेऊन निघालेली मादी काढली तर पुढच्या वर्षी हाच लेख वाचायची वेळ येईल.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

बसण्याआधीची गोष्ट: बहुतेक जलाशय आणि डोह मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्थेच्या माणसाला विचारून, परवानगी घेऊन बसा. कुठे जाळी लावली आहेत हेही तोच सांगतो.

गळ बोटात टोकाजवळच्या उलट्या काट्यापलीकडे घुसला तर मागे ओढू नका, मांस फाटतं. तंगूस कापा, गळ हलणार नाही असा कापड गुंडाळा आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. डोळ्याजवळ किंवा सांध्याजवळ लागला असेल तर तिथे कुणीही हात लावू नये.

विजेच्या तारांखाली काठी उभी करू नका. कार्बनची काठी वीज वाहून नेते. तंगूस तारेवर अडकला तर तो सोडून द्या आणि महावितरणच्या लाइनमनला कळवा.

कासव लागलं तर 1972 च्या कायद्याने ते संरक्षित आहे. काठावर ओढत आणू नका. पाण्याजवळच ठेवून तंगूस तोंडाशी कापा, आणि गळ खोल गेला असेल तर वनखात्याला फोन करा. सांगलीकडच्या कृष्णेत मगरी आहेत. तिथे गुडघाभर पाण्यातही उभं राहू नका, आणि मगर दिसली तर जागा सोडून वनखात्याला कळवा.

मेलेले मासे तरंगताना दिसले, पाण्याला फेस किंवा रसायनाचा वास असेल तर त्या दिवशी काठी काढूच नका, तिथला मासा घरी नेऊ नका. ठिकाण, वेळ आणि फोटो घेऊन ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. मेलेल्या माशांवरून कारण ओळखणं आपलं काम नाही.

धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा ऐकू आला तर सामान तिथेच टाकून वर या.

आणि गळ खोल कपारीत किंवा बुडालेल्या बाभळीत अडकला तर पोहत जाऊन सोडवायचा विचारही करू नका. डोहाचा तळ वरून दिसत नाही, आणि तंगूस पायाला गुंडाळला की हात चालत नाहीत. तंगूस कापून टाका. रीळ किंवा काठीच पाण्यात गेली असेल तर गावातल्या भोयाला विचारा. त्याला तो डोह आतून माहीत असतो, त्याच्याकडे होडी असते. आमच्याकडचे एक वयस्कर भोईकाका माझी पडलेली काठी काढून द्यायला आले तेव्हा त्यांनी होडीतून बांबू तळाला टेकवत मला त्या डोहातला बुडालेला बांध दाखवला, वीस फूट लांब, माझ्या रोजच्या जागेच्या उजव्या हाताला. त्यानंतर मी तिथे बसायला लागलो.